जिभेचं दर्शन बंद आहे

समस्त नातेवाईक, हितचिंतक, गल्लीतले शेजारी आणि चहाच्या वेळेला अचूक टपकणारे परिचित यांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, आमच्या घरी असलेल्या बाळाच्या जिभेचे दर्शन आजपासून कायमचे बंद करण्यात आले आहे. कोणीही बाळाची हनुवटी खाली ओढू नये. बाळाने तोंड उघडावे म्हणून त्याला गुपचूप चिमटे काढू नयेत. हात जोडून येणाऱ्यांना चहा मिळेल, जीभ मिळणार नाही.

हे निवेदन मी ठळक अक्षरांत लिहून नांदेडच्या आमच्या घराच्या दारावर लावणार होते. आमच्या ह्यांनी चिकटपट्टी लपवून ठेवली म्हणून राहिलं. पण दर्शन चालू होतं, यात एका शब्दाची भर नाही. बायका चप्पल दाराशी काढून, डोक्यावर पदर घेऊन आत येत होत्या आणि पाळण्यात वाकून एका तान्ह्या पोराच्या तोंडात डोकावत होत्या.

मुळापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाईचं डोकं फिरलंय.

माझी लेक लातूरला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात ती आमच्याकडे आली आणि दिवस भरल्यावर तिला मुलगा झाला. सुरळीत झालं सगळं. पोरगं जावयाच्या वळणावर गेलेलं, कान तेवढे आमचे. लातूरच्या मंडळींचं कापडाचं दुकान. दुकान व्याही आणि जावई बघतात. व्याह्यांसकट सगळ्यांना विहीणबाई बघतात. बाई मोठी शिवभक्त. सकाळी विभूती लावून पूजा झाल्याशिवाय घोटभर पाणी घेणार नाही. आम्हीही त्यातलेच, पण आमची भक्ती सवडीची.

बाळ रडलं की एक गंमत दिसायची. त्याच्या जिभेचं टोक मधोमध आत ओढलेलं होतं, पत्त्यातल्या बदामासारखं. मला ते फार गोड वाटलं. दवाखान्यातून घरी येताना मी रिक्षावाल्यालासुद्धा सांगितलं, "आमच्या नातवाच्या जिभेवर बदाम आहे बरं का." त्यानं मान हलवली आणि खड्डा चुकवला.

मग विहीणबाई बाळंतविडा घेऊन लातूरहून आल्या. लेकीला साडी, बाळाला झबली, कुंची, डिंकाचे लाडू, एक डबा खारकांचा. नेमकं त्याच वेळी पोरानं तोंड उघडून सूर लावला. विहीणबाईंच्या हातातली कुंची खाली पडली.

"आव्हो विहीणबाई! हिकडं या. लवकर या हिकडं!"

मी पोहे परतायचं सोडून धावले. "काय झालं? काय झालं?"

"जिभेला दोन टोकं हायेत! बघितलं का तुम्ही? नाग हाय नाग! महादेवाच्या गळ्यातला!"

आणि त्या बाईनं, माझ्यासमोर, जमिनीला डोकं टेकवलं. मग पर्समधून विभूती काढून पोराच्या कपाळावर तीन बोटं ओढली. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. खरं सांगू का? आनंदही झाला. आमच्या घरात आजवर आलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दोन दारांचा फ्रिज. आणि आता थेट कैलासावरून कुणीतरी आलेलं.

पुढचं तुम्हाला सांगायची गरज नाही. मी समोरच्या बाईला हळूच सांगितलं. तिनं हळूच सांगायचं काम माझ्यापेक्षा जोरात केलं. लातूरला विहीणबाईंनी सांगितलं. तिकडच्या बायका व्हिडिओ कॉलवर दर्शन घ्यायच्या, मी एका हातानं मोबाइल धरायची आणि म्हणायची, "थांबा, आत्ता रडेल." अर्धापूरची माझी जाऊ केळ्यांचा घड घेऊन आली. बाळंतिणीला केळं चालत नाही हे तिलाही माहीत आणि मलाही, पण अर्धापूरहून येणारा माणूस दुसरं काय आणणार? घड तिनं बाळापुढं ठेवला. नैवेद्य म्हणून.

या सगळ्या धामधुमीत एक बारीकशी गोष्ट कुणाच्याच ध्यानात येईना. आमच्या नागोबाला दूध पिता येत नव्हतं.

पंचमीला ज्याला पाजायला सगळा मुलूख वाटी घेऊन वारुळापाशी धावतो, तो आमच्या घरात दुधासाठी टाहो फोडत होता. लेक त्याला पदराखाली घ्यायची. तो झडप घालायचा, दोनचारदा तोंड चालवायचा, टक् टक् असा आवाज यायचा आणि सुटायचा. परत झडप, परत टक् टक्, परत सुटला. दमून तसाच झोपायचा आणि कूस बदलेपर्यंत पुन्हा उठून रडायचा. लेक पाजायला बसली की पायाची बोटं आवळून घ्यायची. एकदा मी तिचं ब्लाऊज धुवायला घेतलं, तर त्यावर दुधाच्या डागाशेजारी रक्ताचा डाग. मी तशीच मोरीपाशी उभी राहिले. मलाही दोन लेकरं झालीत. दूध पाजताना रक्त येतं हे मी जन्मात ऐकलं नव्हतं.

पण घराचा निकाल केव्हाच लागला होता: हिला दूध नाही.

मग सुरू झाला माझा स्वयंपाकघरातला पराक्रम. हाळिवाची खीर, मेथीचे लाडू, शेपूची भाजी, लसणाची चटणी, बाजरीची भाकरी, शतावरीची पूड घातलेलं दूध. अख्ख्या घराला शेपूचा वास सुटला. आमचे हे बाहेरून आले की दारातच रुमाल नाकाला लावायचे. येणाऱ्या प्रत्येक बाईकडं एक कारण तयार असायचं. एक म्हणाली, बाळंतीण मोबाइल बघते म्हणून दूध आटतं. दुसरी म्हणाली, नोकरी करणाऱ्या बायकांचं असंच होतं. अर्धापूरच्या जावेनं लेकीला वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "अंगच न्हाई पोरीला. येणार कुठून?"

लेकीचा टॉवेल तेव्हा भिजून चिंब झाला होता. तोच टॉवेल मांडीवर घेऊन जाऊबाई हे बोलून राहिल्या होत्या.

"आई," लेक मला म्हणाली, "मला येतंय गं. हे बघ, गळतंय. त्याला घेता येत नाहीये. माझं कुणी ऐकतच नाही."

"खीर खा तू आधी," मी म्हणाले.

तिनं वाटी बाजूला सरकवली. तिला एकच हवं होतं: आपल्या लेकराला आपण पाजायचं. त्यासाठी ती ओठ चावून, डोळे मिटून, दर वेळी पुन्हा त्याला जवळ घेत होती. मग फोनवर विहीणबाई आल्या. मायेनंच बोलल्या बिचाऱ्या. "पावडरचं चालू करा आता. काही बायकांना नसतंच दूध. त्यात लाजायचं काय हाय?" लेक 'बरं' म्हणाली, फोन ठेवला आणि अशी हमसून रडली की पाळण्यातलं पोरगं रडायचं थांबून ऐकायला लागलं.

दुसऱ्या दिवशी तिनं मला न विचारता रिक्षा बोलावली. "मी याला डॉक्टरकडं घेऊन चाललेय. यायचं तर ये."

मी न जाऊन कसं चालेल?

बाळांची डॉक्टर एक तरुण बाई. तिनं आधी वजन केलं आणि तिचा चेहरा बदलला. वाढायचं सोडून काटा खालीच आलेला. मला वाटलं आता ही पावडरचा डबा लिहून देणार. पण ती म्हणाली, "माझ्यासमोर पाजून दाखवा." लेकीनं पोराला घेतलं. डॉक्टर खुर्ची ओढून जवळ बसली आणि कान देऊन ऐकत राहिली. पोराला धरायची पद्धत बदलून बघितली, तरी तेच. टक् टक्, सुटला. मग तिनं हात धुतले, हातमोजा घातला, पोराच्या जिभेखाली बोट घातलं आणि मला म्हणाली, "आजी, इकडे या. हे बघा."

जिभेच्या खाली, अगदी टोकापर्यंत, एक पातळ पांढरट पडदा ताणलेला. जीभ तोंडाच्या तळाला खिळलेली.

"जीभ खालून बांधलेली आहे याची," डॉक्टर म्हणाली. "वर उचलत नाही, पुढे येत नाही. त्यामुळे बाळ ओढत नाहीये, हिरड्यांनी चावतंय. म्हणून तुम्हाला जखमा होतात आणि याचं पोट भरत नाही. टोकाला ही खाच दिसतेय ना, ती या पडद्याच्या ओढीनं पडलीय."

मी छातीला हात लावला. "म्हणजे... हा नाग नाही?"

"कोण नाग?"

आता मला प्रश्न विचारलाय म्हटल्यावर मी सविस्तर सांगितलं. विहीणबाईंचं डोकं टेकवणं करून दाखवलं, व्हिडिओ कॉलही करून दाखवला. डॉक्टरनं ओठ घट्ट दाबून धरले आणि टेबलावरचे कागद उगाच नीट केले.

"आणि दूध?" लेकीनं विचारलं. आवाज इतका बारीक की मलाच ऐकू आला असं वाटलं.

"दुधाला काहीही कमी नाही तुमच्या."

माझ्या लेकीनं तेव्हा माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मला शेपूच्या वासासकट आठवते.

डॉक्टर म्हणाली, हा पडदा जरासा कापून मोकळा करायचा, फार वेळ लागत नाही, पण रखडवू नका. तोवर आपलंच दूध पिळून वाटी-चमच्यानं पाजत राहा. लेकीनं तिथूनच जावयाला फोन लावला. जावई गुणी मुलगा. म्हणाला, "करून घे की मग." आणि लगेच पुढं, "फक्त आईच्या कानावर घालतो एकदा."

संपलं.

विहीणबाईंचा फोन आला तेव्हा मी मोबाइल कानापासून हातभर लांब धरला होता, तरी शब्द न् शब्द स्पष्ट. "कात्री? महादेवाच्या खुणेला कात्री? बिलकुल न्हाई! हात लावायचा न्हाई पोराला! आम्ही निघालो!"

आणि खरंच निघाले. गाडीतून तिघं उतरली: पुढं विहीणबाई, मागं जावई, सगळ्यांत शेवटी व्याही. व्याही म्हणजे तुम्हाला कसं सांगू, भिंतीवरचं घड्याळसुद्धा त्यांच्यापेक्षा जास्त बोलतं. दुकानातसुद्धा मान हलवून सौदा करणारा माणूस. ते येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. मी चहा दिला. ते बशीत ओतून फुंकर मारत बसले. खडाजंगी इकडं सुरू झाली.

"देवानं दिलेलं हाय ते," विहीणबाई म्हणाल्या. "काढून टाकायचं? उद्या काही झालं तर कोण जबाबदार?"

"आई, तो उपाशी आहे," जावई म्हणाला.

"उपाशी हाय तर पावडर द्या. लई लेकरं वाढली पावडरीवर."

 पाळण्याची दोरी लेकीच्या हातात होती, ती थांबली.

मला राहवलं नाही. "डॉक्टर म्हणाली, हे घराण्यात असू शकतं. देवाकडून नाही, बापाकडून नाहीतर आईकडून आलेलं असेल!"

झालं. हा बोलण्याचा शेवट नव्हे, सुरुवात होती. विहीणबाई ताडकन उभ्या राहिल्या. "आमच्या खानदानात असलं काही न्हाई! तुमच्याकडंच आसंल!"

"आमच्याकडं?" मी म्हणाले, आणि भर बैठकीत, विहिणीसमोर, जीभ बाहेर काढली. पूर्ण. हनुवटीला टेकवून दाखवली. माझं वय, माझी इज्जत, नवी साडी, सगळं त्या जिभेच्या मागं उभं होतं.

विहीणबाईंनी त्यांची काढली. कमी नव्हती. मग जावयानं काढली. मग मी आमच्या ह्यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "मी नाही." मी परत बघितलं. ह्यांनी काढली. शेजारची बाई खिडकीतून वाटी मागायला आली होती. तिनं आत बघितलं, आम्ही चौघं एकमेकांना जिभा दाखवत बसलेलो, आणि ती वाटी न मागताच गेली.

"राहिलं कोण?" मी विचारलं.

सगळ्यांच्या माना कोपऱ्याकडं वळल्या.

व्याह्यांनी बशी खाली ठेवली. मिशी पुसली. बायकोकडं एकदा बघितलं आणि तोंड उघडलं.

जीभ दातांच्या बाहेर आलीच नाही. आतल्या आत वर यायला धडपडली, आणि टोकाशी मधोमध, जशीच्या तशी, खाच.

आमच्या बैठकीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मी स्वतः त्यात सहभागी होते, यावरून काय ते समजा.

"आव्हो..." विहीणबाई म्हणाल्या. "आव्हो, ही कवापासून?"

"जन्मापासून."

"मला कसं दिसलं न्हाई एवढी वर्षं?"

"तू बघितलंच न्हाईस."

विहीणबाई खाली बसल्या. मग एकदम काहीतरी आठवून म्हणाल्या, "म्हणून तुम्ही आंब्याची कोय चोखत न्हाईत? मला म्हणला होता, आंबा आवडत न्हाई!"

"आवडतो," व्याही म्हणाले. "चाटता येत न्हाई. पाहुण्यात बसून सगळं तोंड माखून घेण्यापेक्षा न्हाई म्हटलेलं बरं."

मला हसू फुटणार होतं. ओठापर्यंत आलं होतं. पण व्याही थांबले नाहीत. आणि तो माणूस थांबत नाही हे बघून मी हसायचं विसरले.

"माझ्या आईला दूध नव्हतं, असं सगळं गाव म्हणायचं. मला शेळीच्या दुधात कापसाचा बोळा बुडवून वाढवलं. घरात भांडण झालं की आजी तिला म्हणायची, लेकराला घोटभर दूध देऊ शकली न्हाईस, तू काय बोलतीस? आई म्हातारी झाली तरी मला म्हणायची, बाबा, माझ्यात काही नव्हतं रे तुला द्यायला." त्यांनी सुनेकडं बघितलं. "काल पोरानं फोनवर डॉक्टरीणबाईचं सांगितलं तवा मला कळलं. तिला होतं. मलाच घेता येत नव्हतं."



"नाग म्हणून मला बघायला कुणी आलं न्हाई," ते विहीणबाईंना म्हणाले. "माझ्या आईला मात्र सगळ्यांनी नावं ठेवली. आता ही पोरगी तेच ऐकून राहिली. तुझ्याकडून."

मला वाटलं, आता विहीणबाई पेटणार. मी पाण्याचा तांब्या जवळ घेऊन ठेवला. पण त्या उठल्या, पाळण्यापाशी गेल्या, लेकीच्या हातातली दोरी काढून घेतली आणि बाळाला उचललं. कपाळावरची विभूती पदरानं जराशी सारखी केली. "काय बघत बसलाय?" त्या जावयावर खेकसल्या. "गाडी काढ की!"

दवाखान्यात पुरुषांना बाहेर बसवलं. आत लेक, विहीणबाई आणि मी. मी जय्यत तयारीनं गेले होते: रुमाल, पाण्याची बाटली, भोवळ आली तर टेकायला भिंत बघून ठेवलेली. नर्सनं पोराला दुपट्यात घट्ट गुंडाळलं, डोकं धरलं. डॉक्टरनं जीभ वर उचलली, कात्री पुढं नेली. विहीणबाईंनी डोळे मिटून 'ॐ नमः शिवाय' सुरू केलं. मी श्वास ओढून रडायच्या तयारीला लागले, तोवर डॉक्टर म्हणाली, "झालं."

"काय झालं?" मी विचारलं.

"झालं, आजी."

एवढंच? मी थक्क. ज्याच्यापायी लातूर-नांदेड रस्ता तापला, पाच शहाण्या माणसांनी जिभा काढल्या, ते माझ्या एका श्वासात संपलं? कापसावर रक्ताचा टिपका. पोरगं रडलं, पण लशीला याच्यापेक्षा जास्त रडलं होतं.

"लगेच घ्या त्याला," डॉक्टर लेकीला म्हणाली. "पण एक सांगते, पहिल्याच वेळी जमेल असं नाही. काही बाळांना शिकायला दिवस लागतात. घाबरायचं नाही."

लेकीनं त्याला घेतलं. पदर ओढला. मी तिच्या पायांकडं बघत होते, कारण तिचं तोंड बघायची माझ्यात हिंमत नव्हती. बोटं आवळलेली होती. विहीणबाईंचा जप ओठातच अडकला. पोरानं तोंड वासलं, चाचपडलं, एकदा सुटलं. परत धरलं. आम्ही दोघी विहिणी एकमेकींचा हात धरून उभ्या, कधी धरला ते आजही सांगता येणार नाही.

टक् टक् आलंच नाही.

त्याच्याऐवजी एक आवाज आला, मोठ्या माणसानं उन्हातून येऊन तांब्या तोंडाला लावावा तसा. गट. मग गट, गट, गट. मध्ये श्वास घ्यायलाही थांबेना. लेकीच्या पायाची बोटं एकेक करून सुटली. दूध त्याच्या गालावरून ओघळून कुंचीत गेलं, तो ठसकला, नाकातोंडातून फवारा उडाला, आणि सोडायचं नाव नाही, लगेच पुन्हा धरलं. आणि माझी लेक, जिनं सासूसमोर लग्नापासून आजवर आवाज चढवला नव्हता, अशी ओरडली की बाहेर बसलेले व्याही दार ढकलून आत आले:

"हळू पी की रे मुडद्या! लई हाय!"